नोटिशीची कोरी बाजू

आमचे मामा लातूरचे. तीसेक वर्षं त्यांनी सरकारी अभियंता म्हणून काम केलं. भिंतीची चीर कुठून निघून कुठं गेली आहे एवढं बघून घराची प्रकृती सांगणारा हा माणूस. माझी थोरली बहीण नांदेडला वकिली करते. तिच्याकडे येणारी माणसं म्हणजे जुन्या वाड्यांतले भाडेकरू, हातगाडीवाले, भाजी विकणाऱ्या बायका. दोघांचा एकमेकांवर फार जीव, पण शहर कसं चालवावं यावर त्यांचं कधीच जमलं नाही. मामांच्या मते शहर नियमानं टिकतं. ताईच्या मते, ज्याच्यावर नियम लागू होणार त्याला आधी विचारल्यानं टिकतं.

यंदा महापालिकांच्या निवडणुका झाल्यानंतर मामा गुडघ्याच्या उपचारासाठी आठ दिवस आमच्याकडे नांदेडला होते. त्यांना लातूरला पोचवायला निघालो, त्या सकाळी बाजारात सुरू झालेलं बोलणं रात्री त्यांच्या ओसरीवर थांबलं. मी गाडी चालवत होतो आणि ऐकत होतो. दोघांचंही मला पटत होतं, म्हणूनच ते जसं झालं तसं लिहून काढतो आहे.

सकाळ : बाजारातली दीडशे पावलं

मामा : मोजलंस का? औषधाच्या दुकानापर्यंत दीडशे पावलं, आणि तेवढ्यात सात वेळा रस्त्यावर उतरलो. प्रत्येक वेळी उतरताना गुडघ्यात कळ येते, आणि उतरलं की मागून ऑटो.

ताई : दमलात का? बसू या थोडं.

मामा : बसायचं नाही, चालायचंय. चालता यावं एवढंच तर मागायलोय मी. ही काठी बघ. इथं खूण केलीय, दीडशे मिलिमीटरवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथ यापेक्षा उंच नको. वीतभरसुद्धा नाही. आणि मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट. दोन चाकखुर्च्या समोरासमोर आल्या तर दोन्ही निघाल्या पाहिजेत, म्हणून सहा फूट. बाजारपेठेत त्याहूनही जास्त. हे आकडे कुणी मनानं लिहिलेले नाहीत, पोरी. माणसाचं शरीर मोजून काढलेत.

ताई : आकड्यांवर माझा आक्षेपच नाही. पण ज्या सात वेळा उतरलात, त्यात हातगाडे किती होते?

मामा : तीन.

ताई : आणि बाकीचे चार?

मामा : दोनदा लावून ठेवलेल्या मोटारसायकली. एकदा विजेचं रोहित्र. एकदा दुकानाची पुढं आलेली पायरी.

ताई : अतिक्रमण हटाव मोहीम निघते तेव्हा ट्रॅक्टरमध्ये टाकून काय नेतात? हातगाडा. रोहित्र जागेवर राहतं, पायरी जागेवर राहते, मोटारसायकल संध्याकाळी परत येते. ज्याचं सामान उचलायला सगळ्यात सोपं, त्याचंच उचललं जातं. तुमच्या गुडघ्याला मात्र चारही अडथळे सारखेच.

मामा : म्हणजे एकाचं उचलत नाहीत म्हणून दुसऱ्याचंही ठेवायचं? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की विनाअडथळा पदपथ हा २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर ३२,८२५ पायी चालणारी माणसं गेली. दिवसाला जवळपास नव्वद. त्यांच्यातल्या कितीजणांना पदपथ सोडून खाली उतरावं लागलं असेल? तुझ्या हातगाडीवाल्याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्याच्या पोटासाठी कुणी जीव द्यायचा?

ताई : कुणीच द्यायचा नाही. म्हणून तर कायदा झाला. रस्त्यावर माल विकणं हा धंदा करण्याच्या मूलभूत हक्कात येतो, फक्त त्याचं नियमन करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात म्हटलं. पुढं २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, कुठं बसता येईल आणि कुठं नाही ते ठरवा. ते होईपर्यंत कुणाला उठवू नका. हे ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. मामा, हे काही गाडेवाल्याला दिलेलं दान नाही. तुमचे सहा फूट कायमचे मोकळे ठेवायचा हा रस्ता आहे. ज्याला बसायला ठरलेली जागा मिळाली तो त्या जागेत बसतो. ज्याला कुठंच जागा नाही, तो उद्या पुन्हा तुमच्या वाटेत उभा राहतो.

मामा : समित्या कशा चालतात ते मी बघितलंय. बैठक, चहा, पुढची तारीख. त्यापेक्षा २००८ आठव. गुरु-ता-गद्दीचं त्रिशताब्दी वर्ष. देशभरातून भाविक येणार म्हणून नांदेडचे रस्ते रुंद झाले, पूल झाले. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाचा पैसा आला. दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या कार्यालयानं रस्त्यांचे आराखडे केले. पदपथ, झाडं, चालणाऱ्याची सोय, सगळं एकत्र विचारात घेऊन. मराठवाड्यात तोवर रस्ता म्हणजे मधलं डांबर, एवढंच आम्हा अभियंत्यांना माहीत होतं. एक ठरलेली तारीख होती, म्हणून काम झालं.

ताई : मलाही ते रस्ते आवडतात. मी त्यांच्यावरूनच कोर्टात जाते. पण २००८ नंतर शहर वाढत गेलं. शाळा वाढल्या, दवाखाने वाढले, त्यांच्या दारात फळवाला आला, चहावाला आला. आराखडा जागेवर राहिला आणि माणसं वाढली. सोहळ्यासाठी काढलेल्या रस्त्याची पुढची वीस वर्षं कुणी बघायची, हे तेव्हा ठरवायला हवं होतं. तारखेनं काम पुरं होतं, मामा. पण सांभाळायला रोजचा माणूस लागतो.

मामांनी काठीवरची खूण अंगठ्यानं पुसल्यासारखी केली आणि गाडीकडे निघाले. त्या थोड्या अंतरात आणखी दोनदा त्यांना खाली उतरावं लागलं. ताईनं त्यांचा हात धरला होता. दोघंही काही बोलले नाहीत.

दुपार : लोहा, अहमदपूर, चाकूर

लोहा मागं पडल्यावर मामांनी पुन्हा विषय काढला.

मामा : रोजचा माणूस म्हणालीस. म्हणजे नगरसेवक?

ताई : नगरसेवकही.

मामा : मग ऐक. लातूरच्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये संपली, नांदेडची त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास. तिथून पुढं १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत दोन्हीकडे प्रशासक. तीन वर्षांहून जास्त काळ. पाणी आलंच ना? कचरा उचललाच ना? आणि एक गोष्ट झाली. बेकायदा मजल्यावर हातोडा पडताना मधेच फोन यायचे कमी झाले. माझ्या नोकरीत मी धोकादायक इमारतींच्या कितीतरी नोटिसा तयार केल्या. त्यातल्या किती पाळल्या गेल्या ते विचार. ज्या दिवशी घर रिकामं करायचं, त्या दिवशी वॉर्डातला कुणीतरी मोठा माणूस दारात उभा. ‘साहेब, गणपती होऊ द्या.’ मग ‘दिवाळी होऊ द्या.’ पावसाळा मात्र कुणासाठी थांबत नाही.

ताई : आणि त्या तीन वर्षांत तुमच्या गल्लीत पाणी आलं नाही तर तुम्ही कुणाच्या दारात गेलात?

मामा : तक्रार नोंदवली.

ताई : तुम्हाला नोंदवता येते. माझ्या अशिलांना येत नाही. त्यांना एक दार लागतं, जिथं जाऊन भांडता येईल असं. प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच टेबलावर आले. ज्यानं प्रस्ताव मांडायचा, त्यानंच मंजूर करायचा. माणूस कितीही सचोटीचा असो, त्याला भर सभेत ‘हे का?’ असं विचारणारं कुणी समोर नव्हतं. आणि हे सगळं कशामुळं? राज्यघटनेचं २४३-यू कलम सांगतं, पाच वर्षं संपण्याच्या आत निवडणूक झाली पाहिजे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, ती याच खात्रीसाठी.

मामा : १९९३.

ताई : हो. तुमचं साल.

मामा थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मामा : निवडणूक लांबली ती आरक्षणापायी. तेही न्यायाचंच होतं ना? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास गवळी खटल्यात सांगितलं, की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी समर्पित आयोग नेमा, माहिती गोळा करा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणून जयंतकुमार बांठिया यांचा आयोग बसला, जुलै २०२२ मध्ये अहवाल आला. त्यावर पुन्हा वाद. घाई केली असती तर कुणावर तरी अन्याय झाला असता.

ताई : आयोग नेमायलाच हवा होता. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या सभागृहाचं दार दिसलं नाही त्यांचा हिस्सा अंदाजानं ठरू नये, एवढं मलाही कळतं. पण अहवाल जुलै २०२२ चा, आणि निवडणुका घ्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये द्यावा लागला. कुणाच्या हिश्शाचा निकाल लागेपर्यंत सगळ्यांचंच सभागृह बंद. २०११ च्या जनगणनेत नांदेडची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती, लातूरची पावणेचार लाखांच्या वर. एवढ्या लोकांना तीन वर्षं ‘हे का?’ विचारायला जागाच नव्हती.

मामा : आता आली ना. नांदेडला ८१ नगरसेवक, लातूरला ७०. बघू, कितीजण पदपथाचं नाव काढतात.

ताई : काढायला लावू. तीन लाखांवर वस्ती असेल तिथं प्रभाग समित्या कायद्यानंच बंधनकारक आहेत. त्यांच्यावर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. तिथं एखादा निवृत्त अभियंता बसला तर काय हरकत आहे?

मामा : माझ्याकडं बघून बोलायलीस का?

ताई : तुमच्याकडंच बघून बोलतेय.

संध्याकाळ : लातूर

लातुरात शिरलो तेव्हा शिकवण्या सुटायची वेळ झाली होती. उद्योग भवनाच्या बाजूला ज्याला सगळं शहर ट्यूशन एरिया म्हणतं, तिथं पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींनी रस्ता भरून गेला होता. राज्याच्या कानाकोपऱ्यातून डॉक्टर व्हायला आलेली ही लेकरं. मामांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

मामा : इथं तरी माझं ऐकशील. २४ मे २०१९, सुरत. वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली, २२ जण गेले. खिडकीतून उड्या टाकणारी पोरं आपण टीव्हीवर बघितली. २७ जुलै २०२४, दिल्ली. तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरलं, तिघं बुडाली. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र इमारतीच्या मालकानं किंवा ती वापरणाऱ्यानं वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. त्याला ‘ब’ नमुना म्हणतात. इथल्या एखाद्या बापाला ते माहीत आहे का? फी किती, निकाल किती लागला, एवढं विचारतात. जिना किती रुंद आहे ते कुणी विचारत नाही. इथं तू मला लोकांना विचारून निर्णय घ्या म्हणशील?

ताई : इथं तर सगळ्यात जास्त म्हणेन. अधिकारी वर्षातून एकदा येणार. ही मुलं रोज त्या जिन्यानं चढतात. दुसरा जिना कुलूप लावून बंद आहे, की खोक्यांनी भरलाय, हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. तो ‘ब’ नमुना फायलीत जाण्याऐवजी क्लासच्या दारावर लागला, तारखेसह, तर पोरं आणि पालकच पहारेकरी होतील. नियम तुमचाच ठेवू. फक्त तो ज्याच्या जिवासाठी आहे त्याला वाचता येईल अशा जागी लावू.

मामा : हे मला चालेल.

दिवसभरात हे वाक्य मी मामांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

पुढं गंजगोलाईला वळसा घातला. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल बाजार, आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. फैयाजुद्दीन या नगररचनाकारानं आखलेली, १९१७ साली उभी राहिलेली ही वास्तू.

ताई : मामा, लहानपणी तुम्हीच मला सांगितलं होतं की इथं सोनं कुठं, चपला कुठं, मिरची आणि गूळ कुठं, हे रस्त्यागणिक ठरलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसानं रस्ता आणि बाजार एकाच कागदावर काढला. आज आपण रस्त्याचा नकाशा एका खात्यात करतो, आणि फेरीवाल्यांची यादी दुसऱ्या.

मामा : तेव्हा मोटारसायकली नव्हत्या.

ताई : नव्हत्या. म्हणून तर आता तोच विचार जास्त लागतो.

रात्र : ओसरीवर

जेवणं झाल्यावर ताईनं पिशवीतून एक कागद काढला. तिच्या अशिलाला आलेली नोटीस. गाव कोणतं, कचेरी कोणती, हे तिनं सांगितलं नाही. अशिलाचं आहे, एवढंच म्हणाली. जुना वाडा, दगडमातीच्या भिंती, वर माळवद. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक विधवा बाई शिवणकाम करून राहते. सी-१ वर्ग, म्हणजे राहण्यास अत्यंत धोकादायक, तातडीनं रिकामी करून पाडावयाची इमारत.

मामांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

मामा : निघायला सांग तिला. उद्याच.

ताई : मालकानं स्वतःचा अभियंता आणून अहवाल करून घेतलाय. त्याला जागा मोकळी हवीय. वाडा पडला की दोन खोल्यांवरचा तिचा हक्क मातीत जाईल, अशी भीती तिला आहे. चाळीस वर्षं राहतेय.

मामा : तू किल्लारी बघितली नाहीस.

ताई काही बोलली नाही.

मामा : ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. माझी नोकरी नवीन होती. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो तेव्हा कुठून कुठवर गाव होतं तेच कळेना. दोन-दोन फुटी भिंती, दगड आणि माती, आतला थर बाहेरच्या थराला सांधलेला नाही. गळू नये म्हणून दर वर्षी माळवदावर मातीचा थर वाढवत गेलेले. उन्हात गार, थंडीत उबदार, अशी ती घरं. त्यांनीच माणसं पोटात घेतली. जवळपास दहा हजार. आणि हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये मानकं बदलली तेव्हा कुठं किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. त्यामुळं भिंत फुगलेली दिसली की मला मालक दिसत नाही, भाडेकरू दिसत नाही. मला पहाटेचे चार दिसतात. तुझ्या कोर्टाची पुढची तारीख भिंतीला माहीत नसते.

ताई : मामा, मी त्या भिंतीच्या बाजूनं बोलत नाहीये. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला तेव्हा नांदेडला मीही लेकराला घेऊन अंगणात पळाले होते. पण किल्लारीनंतर काय झालं, तेही तुम्हीच सांगता ना? बावन्न गावं नवीन जागी उभी केली. त्याहून कितीतरी जास्त घरं, दोन लाखांच्या घरात, जागच्या जागी दुरुस्त आणि भक्कम केली गेली. ती कुणी केली?

मामा : ज्याची त्यानं. सरकारनं पैसा आणि अभियंता दिला.

ताई : आणि मधे?

मामा : संवाद सहायक.

ताई : शेकडो गावांत बायकाच संवाद सहायक होत्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, छताखाली काँक्रीटचा पट्टा का बांधायचा, हे अभियंत्यानं त्यांना सांगितलं आणि त्यांनी घराघरांत. तुमचं शास्त्र त्यांच्या तोंडून उंबऱ्याच्या आत गेलं. जगाच्या नकाशावर लातूरचं नाव गेलं ते उद्ध्वस्त झाल्यामुळं, तसंच या कामामुळंही. खेड्यातल्या घरांसाठी आपण हे तीस वर्षांपूर्वी केलं. शहरातल्या वाड्यासाठी आपल्याकडं फक्त हा कागद आहे.

मामांनी नोटीस उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

ताई : ‘निघा’ एवढंच लिहिलंय. कुठं जायचं, परत केव्हा यायचं, दोन खोल्यांचं काय, काहीच नाही. ती बाई भिंतीला घाबरत नाही असं नाही. पण या कोऱ्या बाजूला ती जास्त घाबरते.

मामा बराच वेळ कागद धरून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “मी पण असल्याच पाठवल्या, बाई. पुढची बाजू बिनचूक असायची.”

त्यानंतर जे बोलणं झालं त्यात वाद असा राहिला नाही. दोघांना ठाऊक असलेले कायदे एकमेकांशेजारी मांडणं चाललं होतं. मामांनी सांगितलं, की महानगरपालिका अधिनियमाच्या २६५-अ कलमाप्रमाणे तीस वर्षं झालेल्या प्रत्येक इमारतीची पालिकेकडं नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणं मालकावर आणि वापरणाऱ्यावरही बंधनकारक आहे. आणि मग त्यांनाच काही सुचलं. भूकंपानंतरच्या दोन-तीन वर्षांत लातुरात जी पक्की घरं आणि इमारती घाईघाईनं उभ्या राहिल्या, त्यांची तीस वर्षं आत्ता भरत आहेत. २००२ च्या नव्या मानकांच्या आधीचं ते बांधकाम. खाली वाहनतळासाठी नुसते खांब, वर भिंतींचं ओझं, अशा इमारती २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या त्यांनी अभ्यासल्या होत्या. तसे खांब कुठं कुठं आहेत, याची यादी आजच करायला हवी, असं ते म्हणाले.

ताईनं सांगितलं, की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच ठरवलं आहे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं मुंबई महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं, की पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातली जागा मोजून तिची नोंद ठेवा, आणि मालकाचा अहवाल एक आणि भाडेकरूचा दुसरा असेल तर तांत्रिक सल्लागार समितीकडं जा. पुढं २०१५ मध्ये सी-१ ते सी-३ हे वर्ग राज्यभरासाठी ठरवून दिले गेले. सी-१ म्हणजे पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे माणसं आत असताना दुरुस्त करता येणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. एका अक्षरावर त्या बाईचा संसार अवलंबून आहे.

त्यांचं ऐकताना मला सकाळचा पदपथ आठवत होता. तिथंही हातगाडीवाल्याला ‘ऊठ’ म्हणणारा हुकूम असतो, पण ‘अमुक जागी बस’ हे मागच्या बाजूला लिहिलेलं नसतं. मग तो दुसऱ्या दिवशी तिथंच येतो, आणि मामा पुन्हा रस्त्यावर उतरतात. इमारत आणि पदपथ हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण दोन्हीकडं अडतं ते एकाच ठिकाणी. शहर माणसाला हलायला सांगतं आणि कुठं जायचं ते सांगत नाही. दोन्ही शहरांत आता नवी सभागृहं आली आहेत. त्यांच्याकडं माझं मागणं मोठं नाही. तीस वर्षं झालेल्या इमारतींची आणि त्यांच्या तपासणीची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लागावी. पदपथ आणि विक्रेत्यांच्या जागा एकाच नकाशावर काढल्या जाव्यात. आणि यापुढं निघणारा कोणताही ‘निघा’ हा आदेश मागच्या बाजूला पत्ता लिहिल्याशिवाय कचेरीबाहेर पडू नये.

मामांनी पेन मागितलं. नोटिशीच्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर ते त्यांच्या त्या सरळ, अभियंत्याच्या अक्षरात लिहू लागले. खोली पहिली, लांबी, रुंदी. खोली दुसरी, लांबी, रुंदी. ताबा कोणाचा, कधीपासून. तात्पुरता पत्ता. परत येण्याचा हक्क मान्य असल्याची सही. मोजणाऱ्याचं नाव. आकड्यांच्या जागा त्यांनी रिकाम्या सोडल्या.

मामा : पण एक सांगतो. हे सगळं भरलं गेलं नाही, मालकानं सही केली नाही, तरी मिरगाच्या आधी बाई त्या खोलीतून बाहेर पाहिजे. यात मी ऐकणार नाही.

ताई : आणि मोजल्याशिवाय तिला ऊठ म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. मोजून झालं की मी स्वतः तिचं मशीन उचलून घराबाहेर आणीन.

मामा उठले. आतल्या खोलीत ट्रंक उघडल्याचा आवाज आला. येताना त्यांच्या हातात कातडी डबीतली जुनी पन्नास फुटी टेप होती. त्यांनी ती थोडी ओढून पाहिली, कडेवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

“गाव कोणतं?” त्यांनी विचारलं.

“गाडीत सांगते,” ताई म्हणाली.

“मग सकाळी लवकर निघू. उजेडात भिंती नीट दिसतात.”